लिव्हिंग विल: आई-बाबा धडधाकट असतानाच

आई-बाबा खानापूर-निपाणीकडं, पोरं पुण्यात, आणि दुखणं वाढलं की गाडी कधी बेळगावला, कधी कोल्हापूर-मिरजेला. व्हेंटिलेटर लावायचा का, यावर आयसीयूच्या दारात भावंडांची जुंपण्यापेक्षा आई-बाबांनीच लिव्हिंग विल करून ठेवावं, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल आणि स्वतः सांगता येत नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहिलेला कागद. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन लागतं. नियम देशभराचे, त्यामुळे सीमा ओलांडली तरी अडत नाही. आपल्या वतीनं निर्णय घेणाऱ्यांची नावं घालाच. त्यातला एक तरी गावाजवळचा हवा. मराठी कागदासोबत इंग्रजी प्रतही ठेवा, ड्यूटीवरच्या डॉक्टरला मराठी येईलच असं नाही. जमिनीची वाटणी यात घुसडू नका, तो तंटा वेगळा! एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या, एक दवाखान्याच्या फाइलीत लावा.