गाडी मागे घेताना गॅरेजचं शटर चेपलं, तर

आमच्या पार्ल्याच्या इमारतीत मागच्या अंगाला तीन गॅरेजं आहेत. त्यातलं शेवटचं दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं. त्यांची फियाट केव्हाच गेली. आता आत गणपतीचं मखर, एक शिडी आणि गौरींची ट्रंक असते. जुलैतल्या एका सकाळी मी माझी गाडी त्या शटरात घातली. मागच्या काचेवर पाण्याचे ओघळ, शाळेत पहिला तास माझाच, आणि छत्री धरून मागे उभा राहिलेला इस्त्रीवाला "आने दो, आने दो" करतोय. तो आने दो म्हणत राहिला, मी येत राहिले. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झालेत. माझी गाडी २०१६ची, तिला सेन्सर म्हणजे इस्त्रीवाला.

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिली ऊर्मी असेल ती गाडी पटकन पुढे घेण्याची. घेऊ नका. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, उतरून नीट बघा. बंपरची कड चेपलेल्या पट्टीत अडकलेली असते, गाडी हलली की ती बंपरच ओढून काढते. शिवाय शटर एका बाजूने चॅनलमधून, म्हणजे कडेच्या लोखंडी खाचेतून, निसटलं असेल तर त्या क्षणी ते तुमच्या गाडीच्या आधाराने उभं असतं. आधार काढला की सगळा पडदा झोके खातो, कधी खालीच येतो. भोवती जमलेल्या मंडळींना, विशेषतः पोरांना, लांब करा. शटर ताठ उभं आहे याची खात्री झाली की मगच गाडी एकेक वीत पुढे घ्या, तेही अडकलेली कड कोणीतरी हाताने सोडवून देत असेल तर. शटर मोटरवर चालणारं असेल तर आधी त्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा. घाबरलेल्या घरातून कोणीतरी बटण दाबून "उघडतंय का बघू" म्हणणार, हे ठरलेलं आहे, आणि वाकडा पडदा मोटरने ओढला की उरलेल्या पट्ट्याही जातात.

गाडी हलवण्याआधी फोटो. एक लांबून, ज्यात गाडीची नंबरप्लेट आणि शटर दोन्ही दिसतील. मग जवळून पट्ट्या, दोन्ही बाजूंचे चॅनल, चॅनल भिंतीला जिथे ठोकलाय तिथला गिलावा. पावसात मोबाईल भिजतो, तरी काढा. सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी फूटेज मागून घ्या. काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढतं आणि मग प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

आता एक गोष्ट जरा दमात सांगते. शटरच्या वर जो गोल डबा दिसतो, त्यात पाइपवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. दुकानदार एका हाताने एवढं जड शटर वर ढकलतो ते त्या स्प्रिंगांच्या जोरावर. शटर खाली असतं तेव्हा त्या सर्वांत जास्त पिळलेल्या असतात. धक्क्याने पाइप सरकला असेल, ब्रॅकेट सैल झाला असेल आणि तुम्ही पाना घेऊन स्टुलावर चढलात, तर सुटलेली स्प्रिंग हात मोडू शकते. आमच्या तळमजल्यावरचे काका, ज्यांना प्रत्येक वस्तू "घरच्या घरी" दुरुस्त करायची हौस आहे, ते पक्कड घेऊन आलेच होते. मी त्यांना चहाला वर पाठवलं. डब्याला हात फक्त शटरवाल्याने लावायचा.

मालकाला सांगायचं कधी? लगेच, आणि स्वतः. वॉचमनकडून कळलं की त्याच पोच्याचा दीडपट पोचा होतो. मी ओल्या साडीनेच दुसऱ्या मजल्यावर गेले. आजोबा म्हणाले, "मखर शाबूत आहे ना?" बस्स. सगळेच आजोबा असे नसतात, म्हणून एक बारकावा: "चुकलं माझं" जरूर म्हणा, पण विम्याकडे जायचा विचार असेल तर "सगळा खर्च मी देईन" असं लिहून देऊ नका. मोटर पॉलिसीच्या अटींत स्पष्ट असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचनही द्यायचं नाही. आधी कंपनीला कळवा, मग कागद करा.

विम्याचं गणित गॅरेज कोणाचं यावरून फिरतं. गॅरेज तुमचंच असेल तर थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, त्याचं काही देत नाही. स्वतःच्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या मालमत्तेला तो लागूच नाही. मात्र घराचा विमा असेल तर तो काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत वाहन आदळून झालेलं नुकसान धरलेलं आहे आणि गॅरेज इमारतीचा भाग मानलेलं आहे. गॅरेज दुसऱ्याचं असेल तर खाजगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानाला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण तो रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. चार-पाच पट्ट्यांसाठी तिथे जाणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. भिंत, बीम किंवा आतली महागडी गाडी गेली असेल तर गोष्ट वेगळी.

पैसे कोणाच्या हातात द्यायचे, हेही मुंबईत सरळ नसतं. स्टिल्टखालच्या, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या, जागेला एखाद्या सभासदाने पदरचं शटर बसवून घेतलेलं असतं आणि सगळे त्याला गॅरेज म्हणतात. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की स्टिल्टखालचं पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरने ते वेगळं विकायचं नाही. रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यातही गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती लागतात. तेव्हा अशा शटरवर सोसायटी आणि सभासद दोघेही हक्क सांगू लागले तर सेक्रेटरींकडून एका ओळीचं पत्र घ्या की दुरुस्ती कोणाच्या नावाने करायची. पैसे रोख दिलेत तर पावती घ्या, भले समोरचा म्हणो, "अहो, आपल्यात कसली पावती?"

गाडीचा स्वतःचा क्लेम करावा का? मी वहीत मांडून पाहिलं. पाच वर्षं क्लेम नव्हता, म्हणून माझा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, ५० टक्के, आणि तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानाच्या, हप्त्यावर. हा हप्ता सवलतीआधी ६,००० धरा. क्लेम केला की बोनस शून्य. मग २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा पन्नासवर. दरवर्षी जी सवलत हुकते तिची बेरीज हप्त्याच्या सव्वापट, म्हणजे ७,५००. उलट बाजूला बंपर प्लास्टिकचा. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी विम्याची जोड, नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा. बंपर ५,००० चा असेल तर हाती येणार २,५००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा. रंगकाम सोडलं तर दीड हजारासाठी साडेसात हजार घालवायचे! मी क्लेम केला नाही. डिकीचं झाकण, दिवे आणि मागचा पत्रा असं सगळंच गेलं असतं तर केला असता, आणि मग दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊ दिला असता.

शटरवाला शोधायला फोनमध्ये डोकं घालू नका. कोपऱ्यावरच्या वाण्याला किंवा मेडिकलवाल्याला विचारा; त्यांचं शटर रोज वर-खाली होतं, त्यांना खरा माणूस ठाऊक असतो. नाहीतर रात्री बंद दुकानांच्या शटरवर नजर टाका. शटर रिपेअरवाले आपला नंबर तिथेच रंगवून जातात. त्याला फोनवर मोघम "शटर तुटलं" सांगू नका. किती पट्ट्या चेपल्या, चॅनल फाकलाय का, शटर हाताचं की गियरचं की मोटरचं, एवढं सांगा. पट्टी साधारण तीन इंचांची, म्हणजे सात फुटी शटराला अठ्ठावीसेक पट्ट्या. एका पट्टीची कड दुसरीत अडकलेली असते. नुसती पोटात वाकलेली पट्टी ठोकून सरळ होते. कडेला घडी पडली असेल तर ती पट्टी गेली. तशीच ठेवलीत तर शटर गुंडाळताना बरोबर तिथे अडतं. बदलायच्या पट्ट्या आडव्या सरकवून काढतात, सगळं शटर नवं लागत नाही. "पुरा बदलना पडेगा" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की कुठली पट्टी का चालणार नाही, ते हात लावून दाखव. गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, जुन्याइतकाच मागा. आकडा मोठा तितका पत्रा पातळ, म्हणजे १८ च्या जागी २२ बसवला तर पुढच्या वेळी सायकलच्या धक्क्यानेही चेपेल. चॅनल बसवल्यावर ओळंबा लावायला लावा. आमच्या वेळी ओळंबा लावला तेव्हा कळलं की न धडकलेला डावा चॅनलच मुळात तिरका होता. पाच पट्ट्या, उजवा चॅनल आणि मजुरी मिळून मला साडेसहा हजार पडले.

गाडीची तपासणी त्या गडबडीत राहून जाते. ब्रेकचे, रिव्हर्सचे, इंडिकेटरचे दिवे लावून बघा, डिकी दोनदा उघडून लावा, बंपरच्या क्लिपा दाबून पाहा, नंबरप्लेट धड आहे ना ते बघा. नाकाने धडकला असाल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर हिरवट किंवा गुलाबी पाणी दिसलं तर कूलंट गळतोय, गाडी तशीच चालवत मेकॅनिककडे नेऊ नका.

रंगाची घाई मात्र करू नका. भर पावसात मारलेला ऑइल पेंट फुगतो. लोखंडी पट्ट्यांना रेड ऑक्साइडचा हात देऊन थांबा. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, असतील तर त्यांना वेगळा प्रायमर लागतो, रेड ऑक्साइड तिथे धरत नाही. आजोबांचं शटर दसऱ्यापर्यंत राखाडी आणि मध्ये पाच तांबड्या पट्ट्या असं उभं होतं. गणपतीत मखर काढायला माझा मुलगा आणि इस्त्रीवाला दोघे गेले. शटर एका हाताने वर गेलं, आणि इस्त्रीवाला सवयीने म्हणाला, "आने दो."