बोअरिंगहून आलेला सिलिंडर आधी साबणाने धुवा

मुलीला किंवा मुलाला सोबत घेऊन जुन्या चेतक स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन उघडणार असाल, तर नवा पिस्टन आधी विकत घ्या आणि तो सिलिंडरसोबतच ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे बोअरिंगला द्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, हातात असलेल्या पिस्टनच्या मापालाच काढायचा असतो. ‘0.50 ओव्हरसाइज’ (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा) एवढं तोंडी सांगून भागत नाही.

परत आलेला सिलिंडर चकचकीत दिसतो, पण होनिंगची, म्हणजे बोअर शेवटी दगडाने घासल्याची, बारीक पूड त्याच्या रेघांत अडकलेली असते. तीच नव्या रिंगा खाते. नुसत्या पेट्रोलने ती नीट निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश घ्या आणि हे काम बिनधास्त मुलांवर सोपवा. मग तेल लावलेलं पांढरं सुती फडकं आतून फिरवायला सांगा. ते करडं झालं तर पुन्हा धुवायचं. फडकं पांढरं निघेपर्यंत मुलं कंटाळत नाहीत, कारण निकाल त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

धुतल्यावर लगेच कोरडं करून बोअरला तेल चोळा. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघड्या बिडाला बघता बघता गंज धरतो.

पिस्टन बसवताना सिलिंडरखालच्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप, म्हणजे पिस्टनची दांडी जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या, नव्याच घ्या. त्या उडतात, म्हणून दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा. रिंगेची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनेवर आली आहेत ना, हे पाहूनच सिलिंडर सरकवा. अडला तर ठोकू नका, रिंग तुटते.