नॉनस्टिक तवा वापरताय? मग एवढं बघा

पहिलं म्हणजे नॉनस्टिकवर भाकरी टाकू नका. भाकरीला तवा कडक तापवायला लागतो आणि नेमकं तेच ह्याला चालत नाही. वरचा थर टेफ्लॉनचा, २६० डिग्रीच्या पुढं तो बिघडायला लागतो, आणखी तापला की विषारी वाफा सोडतो, आणि रिकामा तवा फुल गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलं की काही मिनिटांतच तिथवर जातोय. माणसाला फ्लूसारखी थंडी-ताप येते, पण घरात लव्हबर्ड्स असतील तर ते जिवानिशी जातात.

हे टेफ्लॉन कुणी मुद्दाम शोधलेलंच नाही बरं का. १९३८ ला अमेरिकेत ड्यूपाँट ह्या केमिकल कंपनीतला रॉय प्लंकेट फ्रिजच्या गॅसवर काम करत होता, सिलिंडर वजनाला भरलेला पण गॅस काय येईना, कापून बघितला तर आत पांढरी गुळगुळीत पावडर. पुढं फ्रान्समधल्या मार्क ग्रेगोआरनं ते मासे पकडायच्या सामानाला लावलं, बायको म्हणाली माझ्या भांड्यांना लावा की, आणि १९५६ ला टेफल कंपनी निघाली. अर्धं श्रेय त्या बाईंचंच.

खरा घोळ थर बनवताना पूर्वी वापरायच्या पीएफओए ह्या केमिकलचा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात ड्यूपाँटच्या कारखान्यातून ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं, आणि २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ते कॅन्सरकारक ठरवलं. 'पीएफओए फ्री' स्टिकर त्या एकाच केमिकलबद्दल बोलतंय, तव्याचा थर टेफ्लॉनचाच असला तर आच जपायचीच.

म्हणून ऑम्लेट, धिरडी एवढंच करा, आधी तेल मग मध्यम गॅस, उलथनं लाकडी, तारेची घासणी बंद. थराचा बारका तुकडा पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो, घाबरू नका, पण सोलपटलेला तवा ठेवून काय करायचाय?

त्यापेक्षा बिडाचा घ्या. शिरोलीला एवढ्या फाउंड्र्या असलेल्या कोल्हापुरात बिडाचं कौतुक आम्ही काय सांगायचं! नवा तवा घासून धुवा, गॅसवर पूर्ण वाळवा, तेलाचा एकदम पातळ हात फिरवा, धूर येईपर्यंत तापवून गार करा, असं तीन-चारदा. तेल जास्त झालं तर चिकट बसतं. पहिल्या आंबोळ्या तुटणारच, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर घासत जावा. टोमॅटो, चिंच असलं आंबट त्यात शिजवू नका, आणि धुतल्यावर ओला ठेवला तर सकाळी गंज दिसणार, परत गॅसवर वाळवून तेल लावूनच ठेवा.