सर्कशीचं जुनं पोस्टर अस्सल लिथो आहे की नंतरची कॉपी, कसं ओळखायचं

लिथो म्हणजे दगडावरून केलेली छपाई. ती ओळखायला भरपूर उजेड आणि दहा पट दाखवणारं भिंग, एवढं पुरे.

आधी टेपने मोजा. अमेरिकन सर्कशींची 'वन शीट' (पोस्टरचं एक ठरलेलं माप) साधारण २८ बाय ४२ इंच, त्यामुळे वन शीट म्हणून विकायला आलेला कागद बराच लहान असेल तर तिथेच थांबा.

कागद पिवळा पडलाय, मागे कापड आहे म्हणजे अस्सलच, हे कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. कागद चहाच्या पाण्यानेही पिवळा होतो आणि कापड नंतर कधीही लावता येतं. खाली सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीचं नाव आणि कॉपीराइटचं साल असणं हाही पुरावा नाही, फोटोवरून छापलेल्या कॉपीत तेही जसंच्या तसं उतरतं.

आता भिंग. मीही इथेच खूप अडखळायचो. अस्सल लिथोत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा (पुढे झिंकच्या प्लेटाही आल्या), आणि त्यावर कलाकार तेलकट खडूने किंवा पेनने हाताने ठिपके काढायचा, म्हणून वाघाच्या गालावरचे ठिपके लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात. फोटोवरून यंत्राने छापलेल्या ऑफसेट कॉपीत चार रंगांचे ठिपके ठरावीक ओळींत, गोल फुलासारखे जमलेले असतात. पण एकसारखे ठिपके दिसले की लगेच नकली ठरवू नका!! १८७९ नंतर बेन डे नावाची तयार ठिपक्यांची पद्धत आली आणि लिथोवालेही ती वापरायचे, त्यामुळे आकाश किंवा तंबूच्या एखाद्या भागात एकाच रंगाचे नेटके ठिपके अस्सल पोस्टरवरही सापडतात.

म्हणून चित्र सोडा, मोठी लाल अक्षरं बघा. अस्सलमध्ये तो लाल म्हणजे एक सलग शाई, कडा स्वच्छ, कधी बाजूला दुसऱ्या रंगाची बारीक रेघ सरकलेली. कॉपीत तोच लाल गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो, कडाही तुटक. माझा शेवटचा निर्णय कायम यावरच असतो. डोळा बसवायला घरात रविवर्मा प्रेसचं जुनं चित्र असेल तर आधी ते तपासा, तीही दगडावरचीच छपाई.

गावाचं नाव आणि तारीख नसली तरी चालतं, ती पट्टी वेगळी छापून खाली चिकटवायचे.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे अक्षराच्या कडेचा अगदी जवळून काढलेला फोटो मागा, आणि तो मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.