चार जुलैला चार्ल्स नदीकाठी

बॉस्टनला नुकते आलेले बरेच जण विचारतात, ‘चार जुलैचे, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे, फटाके कुठून चांगले दिसतात?’ फटाके चार्ल्स नदीतल्या तराफ्यांवरून उडवतात, त्यामुळे दोन्ही काठांवरून छान दिसतात. पण निदान एकदा तरी वाद्यवृंद ऐकायला म्हणून जा, असं मी आग्रहाने सांगेन.

बॉस्टनकडच्या काठावर, एस्प्लनेडला, हॅच शेल हा शिंपल्यासारख्या छताचा रंगमंच आहे. त्या संध्याकाळी तिथे ‘बॉस्टन पॉप्स’ हा वाद्यवृंद वाजवतो, तेही विनातिकीट. नदीकाठच्या या मोफत मैफली, पुढे पॉप्सचे संचालक झालेल्या आर्थर फीडलर यांनी १९२९ साली सुरू केल्या. १९७४ साली त्यांनी चार जुलैला रशियन संगीतकार चायकोव्हस्कींची ‘१८१२’ ही रचना तोफा, चर्चच्या घंटा आणि फटाक्यांसह सादर केली, आणि तीच प्रथा झाली. खरं तर ही रचना रशियाने नेपोलियनला परतवलं त्याची. पण त्या गर्दीत बसलात की ती याच शहराची वाटते. तोफ धडाडली की ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिल्यासारखं छातीत घुमतं. टीव्हीवर ते कळत नाही.

लहान मूल असेल तर मात्र पुढे बसू नका. आमची मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही हौसेने रंगमंचाजवळ चादर टाकली होती. पहिल्याच तोफेला ती इतकी घाबरली की लोकांच्या चादरींमधून वाट काढत बाहेर पडावं लागलं. अशांनी पलीकडे केंब्रिजला, मेमोरियल ड्राइव्हवर बसावं आणि मुलांसाठी कान झाकायचे हेडफोन न्यावेत.

रंगमंचासमोरच्या हिरवळीवर, म्हणजे ओव्हलवर, जागा हवी असेल तर सकाळीच पोहोचा. दिवसभर ऊन असतं. टोपी, पाणी, धपाटे, दशम्या घ्या. पाठीवरची सॅक, काचेच्या बाटल्या, दारू, चाकांचे कूलर आत नेऊ देत नाहीत. सामान पारदर्शक पिशवीत भरा. नियम दरवर्षी थोडे बदलतात, निघण्यापूर्वी नक्की वाचा. गाडी नेऊच नका, काठचे रस्ते बंद असतात.

आणि एक कळकळीची गोष्ट. दिवाळीच्या सवयीने घरी फटाके आणू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये ते जवळ बाळगणंही गुन्हा आहे, अगदी फुलबाजीसुद्धा. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये दुकानात मिळतात, पण तिथून आणणंही बेकायदाच.

मैफल आठच्या सुमाराला सुरू होते, फटाके साडेनऊनंतर. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते उजेडातच ठरवा. शेवटचा फटाका झाला की सगळे एकदम चार्ल्स-एमजीएच स्टेशनकडे धावतात. तुम्ही उठू नका. थोडे धपाटे त्या वेळेसाठी राखून ठेवा, अर्धा तास निवांत बसा आणि मग पार्क स्ट्रीट स्टेशनपर्यंत चालत जाऊन मेट्रो पकडा.