आधी पाट, मग स्क्वीजी

अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात टी-शर्ट छपाई शिकायला लागले तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात स्क्वीजी, म्हणजे इंक ओढायची रबरी पट्टी, हातात येईल. हातात आली प्लास्टिकची पट्टी आणि गरम पाण्याची बादली. मामांनी (गाळ्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात) प्रेसकडे मान हलवली, "सहा पाट आहेत. साफ कर, मग बघू."

पाट म्हणजे पॅलेट. ज्या फळीवर टी-शर्ट चढवून छापतात ती. आमच्याकडे चार ॲल्युमिनियमचे आणि दोन सनमायका लावलेल्या प्लायचे, बहुतेक 16 बाय 22 इंची. पहिले काही आठवडे मला धुणीभांड्यालाच ठेवलंय असं वाटायचं. तोवर गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्या.

एका मंडळाचे काळे टी-शर्ट होते, वर पांढरी प्रिंट. तीन नंबरच्या पाटावर जो शर्ट छापला जाई त्यावर बाप्पाच्या सोंडेशी नखाएवढी फिकट जागा राही. स्क्रीन (मेश म्हणजे जाळी ताणलेली चौकट, तिच्यातून इंक शर्टावर उतरते) धुतली, स्क्वीजीची कड बदलली, जोर वाढवला. जोर वाढवल्यावर डाग तसाच आणि अक्षरांच्या कडा मात्र पसरल्या. शेवटी मामांनी शर्ट काढला, स्टीलची फूटपट्टी पाटावर उभी धरली आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावायला सांगितलं. पट्टीखालून एका ठिकाणी उजेडाची बारीक रेघ आली. कधीतरी कुणाच्या हातून पाना पडला असणार. खड्ड्यावर कापड खाली बसतं, तिथे मेश नीट टेकत नाही आणि इंक कमी उतरते. दोष खाली आणि आम्ही तासभर वर शोधत होतो.

तो पाट दुरुस्त करताना मी शेजारी उभी होते. ॲल्युमिनियमला ठोका बसला की खड्ड्याभोवती धातू वर उचलला जातो, डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. आधी तो उंचवटा कानशीने सपाट केला. मग खड्डा खरवडून, पुसून इपॉक्सी पुट्टी दाबून भरली, पृष्ठभागापेक्षा किंचित वर. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी 120 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासला, नंतर 220 चा. ठोकळा महत्त्वाचा, नुसत्या बोटांनी घासलं की पुट्टीच्या जागी नवा खळगा होतो. पुन्हा पट्टी, पुन्हा टॉर्च. रेघ गेली. सगळा पाट वाकला असेल तर मात्र पुट्टीच्या नादी लागू नका, बदलून टाका.

खरं तर खड्ड्यांपेक्षा जास्त त्रास गमचा. शर्ट हलू नये म्हणून पाटावर गम लावतात. चार-पाच डझन शर्ट झाले की त्यावर कापसाची लव बसते आणि चिकटपणा गेल्यासारखा वाटतो. नवखा काय करतो? वरून आणखी गम ओततो. मीही केलं. आठवड्यात पाटावर करड्या रंगाचं खडबडीत कातडं तयार झालं आणि प्रिंटमध्ये पुरळ उठल्यासारखं दिसायला लागलं. वॉटर-बेस गम असेल तर ओल्या स्पंजने लव पुसून घ्या, चिकटपणा बराचसा परत येतो. गम लावताना जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढा. पूर्ण काढायचा असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं पाटावर पसरून ठेवायचं, मग प्लास्टिकची पट्टी आडवी धरून सोलायचं. लोखंडी पत्ती नको, तिचे ओरखडे पुन्हा प्रिंटमध्येच दिसतात. स्प्रे गम पाण्याने निघत नाही, त्याला सॉल्व्हेंट लागतं. तेव्हा हातमोजे घाला, शटर वर करा आणि फ्लॅश (छापलेली इंक सुकवायचा हीटर) बंद असल्याची खात्री करा. रबर चिकटवलेल्या पाटावर थिनर टाकू नका, रबर फुगतं.

प्लायच्या पाटांची तऱ्हा वेगळी. त्यांना ओलं फडकं घालून ठेवायचं नाही. पावसाळ्यात तर आधीच कडा पाणी पितात, म्हणून जूनच्या आधी कडांना वार्निशचे दोन हात देतो. भिंतीला टेकवून उभे ठेवले तर वाकतात, आडवेच ठेवायचे. आणि उष्णता! प्लास्टिसोल (उष्णतेने पक्की होणारी) इंक पूर्ण पिकायला साधारण 160 अंश सेल्सिअस लागतात, पण फ्लॅशखाली ती फक्त बोटाला न लागण्याइतकी सुकवायची असते. मी एकदा फ्लॅश तसाच ठेवून चहाला गेले. परत आले तर जळका वास आणि सनमायकाला पुरीसारखा फुगा. मामा काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. त्या पाटाची चांगली बाजू कापून आम्ही लहान मुलांच्या मापाचा केला, अजून वापरतो.

डिसेंबरच्या सकाळी नाशिकच्या थंडीत गम कडक होतो, शर्ट सरकतो. पहिला शर्ट चढवण्याआधी पाट फ्लॅशखाली जरा कोमट करून घ्या.

पाट काढून परत बसवलात की लेव्हल बघायची. आम्ही एक नंबरचा पाट प्रमाण धरतो. स्क्रीन खाली घेऊन तिच्या आणि पाटाच्या मध्ये पुठ्ठ्याचा एकच तुकडा चारही कोपऱ्यांत सरकवायचा. जिथे ढिला जाईल तिथला बोल्ट सैल करून खाली वॉशर टाकायचा. सगळ्या पाटांवर अंतर सारखं हवं, शर्ट चढवल्यावर साधारण 2 ते 3 मिमी. नाहीतर एक नंबरवर जुळलेलं चार रंगांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी, पाच नंबरवर हलतं.

2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने टोप्या, टी-शर्टांची चौकशी आत्ताच सुरू झाली आहे, त्यामुळे गाळ्यात नवी मुलं येतायत. परवा एकाने विचारलं, पाटांना खालून मार्करने नंबर कशाला? मी त्याला तीन नंबर उलटा करून दाखवला. नंबराखाली पुट्टी भरल्याची तारीख आहे, मामांच्या अक्षरात.