एचआयव्हीसोबत येणारे बीपी, शुगर, किडनीचे आजार : या रिसर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मला येणारे मेसेज बहुतेक असे असतात, ताई बीएएमएस झालंय, एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) करतेय, एचआयव्हीच्या रिसर्चमध्ये आता काही उरलंय का, सगळं तर झालं ना. दरवेळी तुकड्या तुकड्यात उत्तर देते, आज एकदाच नीट लिहिते.

उरलंय, भरपूर उरलंय. १ एप्रिल २००४ ला आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, मोफत गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा तिशीत असलेला माणूस आज पन्नाशीत आहे. गोळ्या नियमित घेतो, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) कित्येक वर्षं टेस्टमध्ये दिसतही नाही, आणि आता त्याला बीपी आहे, शुगर आहे, रात्री झोप लागत नाही. एआरटी सेंटरला तो येतो गोळ्या न्यायला, आणि शुगरसाठी त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर वेगळा केसपेपर काढतो, तिथे एचआयव्हीचं सांगतच नाही कारण सांगितलं की डॉक्टर आणि सिस्टर कसं बघतील याची भीती. एक माणूस, दोन केसपेपर, आणि दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. आपलं काम नेमकं तिथे आहे.

हा नुसता कागदाचा प्रश्न नाही बरं का. २०२०-२१ च्या सुमारास आपल्याकडे पेशंट डोल्युटेग्राविर हे एआरटीचं औषध असलेल्या गोळीवर गेले. हे औषध चांगलंच आहे, पण त्याच्यासोबत शुगरचं मेटफॉर्मिन घेतलं की रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं, म्हणून मेटफॉर्मिनचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. आता खालच्या ओपीडीतल्या डॉक्टरांना माहीतच नाही की हा माणूस डोल्युटेग्राविरवर आहे, तर ते शुगर कमी होत नाही म्हणून डोस वाढवणार. मी एका काकांची पिशवी अशीच उघडून बघितली होती, एका कप्प्यात एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक आणि एआरटीची बाटली, दुसऱ्यात पेपरमध्ये गुंडाळलेली मेटफॉर्मिनची पाकिटं, दिवसाला २००० मिलिग्रॅम. पोट बिघडतंय म्हणून ते मधूनमधून एआरटीच बंद ठेवत होते. काकांना वाटलं होतं त्रास एआरटीचाच आहे.

आणि एआरटी मध्येच बंद ठेवणं किती महागात पडतं ते २००६ च्या स्मार्ट नावाच्या ट्रायलने दाखवलंय, ५४७२ लोक होते त्यात. गोळ्यांना मध्ये मध्ये सुट्टी दिली तर साइड इफेक्ट कमी होतील असा अंदाज होता, निघालं उलटं, सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूही जास्त आणि हार्ट, किडनी, लिव्हरचे आजारही जास्त. व्हायरसमुळे शरीरात सतत धुमसणारी सूज नुसत्या प्रतिकारशक्तीवर नाही, रक्तवाहिन्यांवरही काम करते हे तिथून सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पुढे २०२३ मध्ये रिप्रीव्ह ट्रायलचा निकाल आला, १२ देशांतले ७७६९ लोक, त्यात भारतही होता. वय ४० ते ७५, हार्टचा धोका कमी ते मध्यम, म्हणजे एरवी ज्यांना कुणी स्टॅटिन (कोलेस्ट्रॉल कमी करणारं औषध) दिलं नसतं असे लोक, आणि पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी. सुरुवातीला जास्त वाचायला जमत नसेल तर निदान हे दोन पेपर मुळापासून वाचा, गोषवारा वाचून सोडू नका.

माझं म्हणाल तर मी लातूरकडची, बीएएमएस करून पुण्यात एमपीएच केलं आणि एका ट्रेनिंग प्रोजेक्टमध्ये लागले. दोन वर्षं, स्टायपेंड, आणि एक छोटा अभ्यास स्वतःचा करायचा अशी अट. मेंटर तीन होते, एक एचआयव्हीचे डॉक्टर, एक मेडिसिनच्या मॅडम ज्या शुगर बघायच्या, आणि एक स्टॅटिस्टिक्सचे सर. तिघं असणं गरजेचं आहे, अर्ज करताना हे आधी विचारा. एचआयव्हीवाल्यांना बीपी किरकोळ वाटतं, बीपीवाल्यांना एचआयव्ही परकं वाटतं, आणि सरांकडे तुम्ही डेटा गोळा झाल्यावर गेलात तर हातात काही उरत नाही, प्रश्न ठरायच्या आधी जायचं.

मॅडमनी पहिले चार महिने मला प्रश्नच ठरवू दिला नाही. काऊन्सेलर ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बस म्हणाल्या. मला राग आला होता तेव्हा, वेळ वाया जातोय वाटायचं, पण जे शिकले ते तिथेच. व्हाइट कार्डवर, म्हणजे सेंटरमधल्या पेशंटच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहिलेलं असतं आणि काय कधीच लिहिलं जात नाही, वजन दरवेळी खरंच करतात की मागचंच उतरवतात, कोण तंबाखू खातो आणि "नाही" म्हणतो. डेटा मॅनेजरशी ओळख करून घ्या, कॉम्प्युटरमधला कुठला कॉलम भरवशाचा आणि कुठला नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मग मोजमाप. ऐकायला सोपं वाटतं पण सगळं इथेच बिघडतं. माझ्या पहिल्या अभ्यासात कंबरेचा घेर मोजायचा होता, बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची धोक्याची रेषा, आणि मी पहिले कितीतरी दिवस टेप साडीच्या निऱ्यांवरून फिरवत होते कारण पदर बाजूला घ्या म्हणायचा मलाच संकोच. मॅडमनी एकदा उभं राहून बघितलं, मावशींना आत पडद्यामागे नेलं, "मावशी, जरा निऱ्या खाली घेऊ का, पोटाचं माप घ्यायचंय" इतकं साधं विचारलं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावला, श्वास सोडा म्हणाल्या, आणि माप माझ्यापेक्षा पाच सेंटिमीटर कमी. तेवढ्यात मावशी रेषेच्या पलीकडून अलीकडे आल्या. आधीच्या साठेक बायकांची मापं आम्ही टाकून दिली, माझीच चूक होती आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या बायका रोजंदारी बुडवून थांबल्या होत्या. बीपीचंही तसंच, एसटीतून उतरून जिना चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधू नका, पाच मिनिटं गप्प बसवा, दोनदा मोजा.

लॅबचे आकडेसुद्धा फसवतात. डोल्युटेग्राविर सुरू झालं की किडनीच्या टेस्टमधलं क्रिएटिनिन थोडं वाढतं, पण ते किडनी खराब झाली म्हणून नाही, क्रिएटिनिन लघवीतून बाहेर टाकायचा एक रस्ता हे औषध अडवतं म्हणून. हे माहीत नसेल तर तुम्ही शंभर लोकांना किडनीचे पेशंट करून टाकाल. उलट झिडोव्हुडिन हे एआरटीचं दुसरं औषध घेणाऱ्यांमध्ये लाल पेशी बदलतात आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) खऱ्यापेक्षा कमी दिसतं, तिथे फास्टिंग शुगरही बघा. वजनाचं तर विचारूच नका, गोळी बदलल्यावर वजन वाढलं म्हणजे नवीन गोळीने वाढलं, की जुनी बंद झाली म्हणून, की माणूस बरा होऊन दोन घास जास्त जेवायला लागला म्हणून, हे तुलनेचा गट नसेल तर सांगताच येत नाही.

आता जे सगळ्यात मनाला लागलं ते. आमच्या अभ्यासाच्या नावात एचआयव्ही हा शब्द होता आणि कोलेस्ट्रॉलच्या रिपोर्टवर लॅबने ते नाव जसंच्या तसं छापलं. एक ताई रिपोर्ट घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांनी परत आल्या, कागदाची चार वेळा घडी घालून मुठीत धरलेली, म्हणाल्या "मॅडम हे फाडून टाका, घरी सासूबाई कागद वाचून घेतात मुलाकडून." मी त्यांच्यासमोर फाडला आणि आकडे त्यांना तोंडी सांगितले. २०१७ चा एचआयव्ही कायदा गुप्ततेबद्दल काय सांगतो ते मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला कागद देताना आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही की नाव छापलं जाईल. तेव्हापासून कुठल्याही अभ्यासाला आम्ही आजाराशी संबंध नसलेलं नाव ठेवतो.

फोनचंही आधी लिहून ठेवा. फॉलोअपला फोन केला आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर काय बोलायचं, हॉस्पिटलचं नाव घ्यायचं का, मिस कॉल दिसला तर ते परत कुणाला करणार. संमती घेतानाच पेशंटला विचारा, फोन कितीला करू, कोण उचलेल, मी कोण म्हणून सांगू. एका दादांनी मला सांगितलं होतं "पीक विम्याच्या ऑफिसातून म्हणा", मी म्हटलं खोटं नाही सांगता येणार दादा, मग "ताई बोलतेय, भाऊ आहेत का" इतकंच ठरलं आणि दोन वर्षं तेवढ्यावर चाललं.

नोकरीचं खरं सांगायचं तर बहुतेक जागा प्रोजेक्टवरच्या, कॉन्ट्रॅक्ट संपला की पुन्हा इंटरव्ह्यू, ग्रँट अडकली की पगार अडकतो, मी तीन महिने बिनपगारी काढलेत. घरी आधी बोलून ठेवा. जीसीपीचं (माणसांवर ट्रायल करायच्या नियमांचं) सर्टिफिकेट लवकर करून टाका, क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल नोंदवायच्या सरकारी वेबसाइटवर) नोंदणी झाली पाहिजे. आणि मेंटरला पहिला मेल करताना "मला एचआयव्ही आणि एनसीडीमध्ये इंटरेस्ट आहे" (एनसीडी म्हणजे बीपी, शुगरसारखे संसर्गाने न पसरणारे आजार) एवढंच लिहू नका. जवळच्या एआरटी सेंटरची परवानगी काढून एक आठवडा बसा, तिथे बघितलेली एक गोष्ट लिहा, जसं की गोळ्या तीन महिन्यांच्या मिळतात मग बीपी वर्षातून चारदाच मोजलं जातं, त्यातही मशीन बंद असेल तर तेही नाही. अशा मेलला उत्तर येतं, मला तरी आलं होतं.